'लुक फॉरवर्ड टू मीट यू' चूक का? क्रियापदानंतर येणारं '-इंग' आणि आपला मराठी कान

खोडरबर:

परवा एक मेल पाठवली. चारच ओळी, पण शेवटची ओळ अशी: 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.' मेल गेली आणि शेजारी बसणारा सहकारी मान वाकडी करून म्हणाला, "मीटिंग यू हवं होतं रे." मी म्हटलं, 'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, हे तर शाळेत घोकून घेतलंय. तो म्हणाला, "हो, पण इथे नाही." का नाही? "तसंच असतं."

'तसंच असतं' म्हटलं की माझी झोप उडते. दोन रात्री बसून क्रियापदं गोळा केली. एका ढिगात 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश', 'माइंड', 'कीप', 'डिनाय', 'ॲडमिट', 'पोस्टपोन', 'सजेस्ट', 'गिव्ह अप'. यांच्यापुढे क्रियापद आलं की '-इंग' लावूनच येतं, ज्याला जेरंड म्हणतात. दुसऱ्या ढिगात 'वाँट', 'होप', 'डिसाइड', 'प्रॉमिस', 'रिफ्यूज', 'अग्री', 'मॅनेज'. यांना 'टू' लागतो. तिसऱ्या ढिगात 'स्टॉप', 'रिमेंबर', 'फरगेट', 'ट्राय', 'रिग्रेट' अशी दोन्हीकडे नांदणारी, आणि घर बदललं की अर्थही बदलणारी.

माझा अंदाज असा की 'टू' पुढे बोट दाखवतो, म्हणजे अजून व्हायची आहे ती गोष्ट. '-इंग' झालेल्या किंवा चालू असलेल्या गोष्टीला धरून असतं. तसं असेल तर याद्या पाठ करायची गरज नाही. जाणकारांनी सांगावं, हे तर्कशास्त्र आहे की नुसतंच पाठांतर?

नुसताच_वाचक:

पाठांतर. पुढचा धागा?

अर्धविराम:

@नुसताच_वाचक, थांबा हो जरा. वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. यादी वाटणारी मीही एक होते, आणि यादी पाठ असलेली मुलं बोलताना बिनदिक्कत 'आय एन्जॉय टू स्विम' म्हणतात हेही रोज ऐकते.

आधी खोडरबर यांची मेल. तिथला 'टू' हा क्रियापदाचा 'टू' नाहीच, तो साधा प्रीपोझिशन आहे, म्हणजे नामाआधी येणारा 'इन', 'ऑफ', 'ॲट'सारखा शब्द. ओळखायचं कसं? पुढे एखादं नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू द मीटिंग' चालतं. 'आय वाँट टू द मीटिंग' चालत नाही. नाम चालत असेल तर क्रियापदानंही नामाचा वेष घालूनच यायचं, आणि तो वेष म्हणजे '-इंग'. शाळेत याला धातुसाधित नाम म्हणायचे, ते उगाच नाही.

मराठीत तुम्ही हे रोज करता. 'भेटण्याची वाट बघतोय.' 'भेटणे'चं सामान्यरूप 'भेटण्या' आणि त्याला 'ची'. जाण्याऐवजी, निघण्याआधी, बोलण्याबद्दल, लिहिण्यात पटाईत. '-ण्या' करून त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय चिकटवलं की इंग्रजीत बहुतेक वेळा प्रीपोझिशन आणि '-इंग' येतं: 'इन्स्टेड ऑफ गोइंग', 'बिफोर लीव्हिंग', 'अबाउट स्पीकिंग', 'गुड ॲट रायटिंग'. प्रीपोझिशनपुढचा '-इंग'चा नियम इतका पक्का आहे की व्याकरणात असा दुसरा क्वचितच सापडेल.

'यूज्ड टू'चा गोंधळही इथेच सुटतो. 'पूर्वी मी एकटा राहायचो' म्हणजे 'आय यूज्ड टू लिव्ह अलोन'. 'मला एकटं राहण्याची सवय आहे' म्हणजे 'आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन'. दुसऱ्या वाक्यात '-ण्याची' आहे, बघा.

पानगळ:

तिसऱ्या ढिगाबद्दल सांगते, कारण त्यानं माझा घात केलाय. परदेशात असताना एका डॉक्टरांना फोनवर सांगितलं, 'आय स्टॉप्ड टू टेक द टॅब्लेट्स.' मला म्हणायचं होतं, गोळ्या बंद केल्या. त्यांना ऐकू आलं, गोळ्या घ्यायला थांबले. म्हणजे हातातलं काम बाजूला ठेवून गोळ्या घेतल्या. ते म्हणाले, छान, तशाच चालू ठेवा. पाच मिनिटं आम्ही दोघं एकमेकांना दुजोरा देत होतो. पुरळ कमी झाली का असं त्यांनी विचारलं आणि मी "हो, स्टॉप्ड टू टेक म्हणूनच" असं उत्तर दिलं, तेव्हा कुठे त्यांना संशय आला.

'स्टॉप्ड टेकिंग' म्हणायला हवं होतं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मराठीत मी ही चूक सात जन्मांत केली नसती. 'गोळ्या घ्यायला थांबले' आणि 'गोळ्या घ्यायचं थांबवलं', यात कुणाचा घोटाळा होतो का?

खोडरबर:

@पानगळ, हे भारी आहे! म्हणजे '-ला' असेल तिथे 'टू'?

अर्धविराम:

पानगळ, तुमची हरकत नसेल तर हे उदाहरण वर्गात वापरेन.

आणि हो, हे तिथेच थांबत नाही. तिसऱ्या ढिगातली एकेक जोडी मराठीत म्हणून बघा.

'आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर': कुलूप लावायचं लक्षात राहिलं. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर': कुलूप लावल्याचं आठवतंय. घरातून निघून निम्म्या वाटेत छातीत धस्स होतं ना, तेव्हा आपण दुसरं वाक्य मनात घोळवत असतो. किल्ली फिरवल्याचा तो 'खट्' आठवतोय का, हे 'रिमेंबर लॉकिंग'. निघताना कुलपाची आठवण झाली होती का, हे 'रिमेंबर टू लॉक'. 'लॉकिंग'ची आठवण धूसर असू शकते. 'टू लॉक' एकतर झालेलं असतं, नाहीतर नसतं.

'आय रिग्रेट टेलिंग हिम': त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतोय. 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू': कळवायला खेद वाटतो, म्हणजे वाईट बातमी अजून पुढच्या ओळीत आहे.

'ट्राय' तर फारच गोड. खिडकी जाम आहे, जोर लावताय: 'ट्राइड टू ओपन', उघडायचा प्रयत्न केला. खिडकी सहज उघडली, पण खोलीतला उकाडा काही जाईना: 'ट्राइड ओपनिंग', उघडून बघितली. 'उघडून बघणे' हा आपला खास संयुक्त क्रियापदाचा डाव, आणि इंग्रजी तेच काम एका '-इंग'वर भागवतं.

गोळाबेरीज:

सगळं छान, पण धागाकर्त्यांचा मूळ अंदाज टिकत नाही हे कुणीतरी सांगायला हवं.

'टू' म्हणजे पुढचं आणि '-इंग' म्हणजे झालेलं, बरोबर? मग 'पोस्टपोन'चं काय? पुढे ढकललेली गोष्ट झालेली कशी असेल? 'सजेस्ट', 'कन्सिडर', 'इमॅजिन', 'रिस्क', 'अव्हॉइड' हे सगळे '-इंग'वाले, आणि सगळ्यांत क्रिया व्हायचीच आहे किंवा होणारच नाही. उलट 'मॅनेज्ड टू ओपन'मध्ये खिडकी उघडली, काम फत्ते, तरी 'टू'. पुढचं-मागचं हा खुळखुळा माझ्याही हातात होता, वाजवून वाजवून फेकून दिला.

खोडरबर:

@गोळाबेरीज, 'पोस्टपोन'वर निरुत्तर.

जुनी_वही:

निरुत्तर होऊ नका, अंदाज अगदीच पोकळ नाही. थोडं मागे जाऊ.

जुन्या इंग्रजीत क्रियापदाचं मूळ रूप '-अन' या प्रत्ययानं होई, 'टू'ची गरज नव्हती. 'टू' हा दिशा आणि हेतू दाखवणारा प्रीपोझिशन होता, आणि त्याच्यापुढे क्रियापदाचं चतुर्थीतलं रूप येई. म्हणजे 'टू'चा मूळ अर्थ 'कडे', 'साठी', 'ला'. आता आपलं 'करायला' उघडून बघा, शेवटी चतुर्थीचा 'ला' बसलेला आहे. 'थांबायला', 'सांगायला', 'टू स्टॉप', 'टू टेल', दोन्ही भाषांनी एकच युक्ती स्वतंत्रपणे केली. म्हणूनच 'वाँट', 'होप', 'डिसाइड', 'प्रॉमिस' यांच्याशी 'टू'चं जमतं. पुढे मात्र 'टू' इतका झिजला की बऱ्याच जागी नुसती खूण म्हणून उरला.

'-इंग'चं कूळ वेगळं. '-उंग' किंवा '-इंग' लावून क्रियापदापासून नाम करत. विशेषणासारखं येणारं रूप निराळं, ते '-एंडे' लावून होई. मध्ययुगीन इंग्रजीत दोघं एकमेकांत विरघळली आणि '-इंग' हे एकच रूप उरलं. 'स्विमिंग इज फन'मधलं आणि 'अ स्विमिंग डॉग'मधलं '-इंग' दिसायला एक, वंशावळ दोन.

आणखी एक. याद्या आकाशातून पडलेल्या नाहीत. 'आय रिमेंबर टू हॅव हर्ड' अशी वाक्यं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या चांगल्या चांगल्या लेखकांकडे सापडतात. आज तिथे 'रिमेंबर हिअरिंग'च. म्हणजे '-इंग' हळूहळू 'टू'चा मुलूख घेत आलाय, आणि आपण पाठ करतो ती यादी म्हणजे आजची हद्द. हद्दीला तर्क कमी असतो आणि इतिहास जास्त.

नुसताच_वाचक:

म्हणजे पाठांतरच ना? पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. जपानमध्ये विद्यार्थी 'मेगाफेप्स' असा मंत्र म्हणतात: माइंड, एन्जॉय, गिव्ह अप, अव्हॉइड, फिनिश, एस्केप, पोस्टपोन, स्टॉप किंवा सजेस्ट. एकेका क्रियापदाचं आद्याक्षर. विषय संपला.

अर्धविराम:

मंत्र आठवेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. आणि वर पानगळ यांनी 'स्टॉप'चे दोन अर्थ सांगितले, ते मंत्रात कुठे बसतात?

गोळाबेरीज यांचा आक्षेप मला मान्य आहे. काळ हा एकमेव धागा नाही. पण मी 'पोस्टपोन'कडे अशी बघते: त्यात जी क्रिया येते तिला आपण लांबून एखाद्या वस्तूसारखं हाताळतोय. पुढे ढकल, टाळ, सुचव, विचारात घे, डोळ्यांसमोर आण. वस्तूला करता येतं ते सगळं. 'वाँट' आणि 'डिसाइड'मध्ये आपण त्या क्रियेच्या दिशेनं निघालेलो असतो. 'मॅनेज'मध्येही धडपड करत तिथवर पोचतोच. हा नियम नव्हे, बघायची एक पद्धत आहे, आणि ती कुठे कुठे उघडी पडते तेही मला माहीत आहे.

खोडरबर:

काल रात्री मी एक उद्योग केला. सगळी क्रियापदं मराठीत फिरवून बघितली आणि थक्क झालो.

'यायला नकार दिला': 'रिफ्यूज्ड टू कम'. 'आल्याचं नाकारलं': 'डिनाइड कमिंग'. 'पैसे द्यायला कबूल झाला': 'अग्रीड टू पे'. 'पैसे घेतल्याचं कबूल केलं': 'ॲडमिटेड टेकिंग'. नकार आणि कबुली हेच शब्द फिरवून दोन-दोन इंग्रजी क्रियापदं निघाली आणि प्रत्येकाला हवं ते रूपही मिळालं. '-ल्याचं' आलं की '-इंग', एकदाही चुकलं नाही.

'सुरू करणे'चं तर हसूच आलं. 'बोलायला सुरुवात केली' आणि 'बोलणं सुरू केलं', दोन्ही चालतं. 'बिगॅन टू स्पीक' आणि 'बिगॅन स्पीकिंग', दोन्ही चालतं.

अडलो ते '-यचं'पाशी. 'जायचं ठरवलं' आणि 'जायचं टाळलं' वरून सारखेच दिसतात, पण पहिल्याला 'टू' आणि दुसऱ्याला '-इंग'. मग '-यचं'च्या जागी '-णं' घालून बघितलं. 'जाणं टाळलं' झकास. 'मी जाणं ठरवलं' कानाला बोचतं. 'जाणं पुढे ढकललं' झकास. 'जाणं वचन दिलं' म्हणून तर बघा.

गोळाबेरीज:

'माझं जाणं ठरलं' हे मात्र खुशाल म्हणतात हं.

पण बरं आहे, मान्य. आता जिथे हा कान फसवतो ती ठिकाणंही लिहून ठेवा, नाहीतर नवशिक्यांचं नुकसान कराल. माझ्या हाताखालून भाषांतरं जातात, त्यात या तीन चुका पुन्हा पुन्हा येतात.

पहिली, 'एन्जॉय'. 'पोहायला मजा येते'मधला 'ला' उचलून लोक 'एन्जॉय टू स्विम' लिहितात. 'पोहायला आवडतं', 'पोहणं आवडतं' ही दोन्ही मराठीत आहेत, आणि 'लाइक'लाही दोन्ही रूपं चालतात, म्हणून 'एन्जॉय'लाही चालत असतील असं वाटतं. चालत नाहीत.

दुसरी, 'माइंड'. 'थांबायला माझी हरकत नाही' म्हणून 'आय डोन्ट माइंड टू वेट'. तिथे 'वेटिंग' हवं.

तिसरी आणि सगळ्यांत चिवट, 'सजेस्ट'. 'त्यानं मला जायला सुचवलं' हे मराठीत सहज जातं. त्याचं 'ही सजेस्टेड मी टू गो' होतं आणि दोन ठिकाणी मोडतं: 'मी'ही तिथे बसत नाही आणि 'टू'ही बसत नाही. 'ही सजेस्टेड गोइंग' किंवा 'ही सजेस्टेड दॅट आय गो'. गंमत म्हणजे 'ॲडव्हाइज' याच कामाचं, पण माणूस मधे आला की 'ॲडव्हाइज्ड मी टू गो', माणूस नसला की 'ॲडव्हाइज्ड गोइंग'. 'अलाउ'चंही तसंच.

पानगळ:

आणि 'होप'? 'येण्याची आशा आहे'मध्ये '-ण्याची' आहे, पण 'होप टू कम' म्हणतात. अर्धविराम, तुमचा पक्का नियम?

अर्धविराम:

चांगलं पकडलंत! पण बघा, मराठीत 'आशा' हे नाम आहे. इंग्रजीतही 'होप' नाम म्हणून आणलं की 'देअर इज नो होप ऑफ कमिंग'. तिथे 'ऑफ' आला आणि '-इंग' आलं. क्रियापद म्हणून आणलं की 'टू'. मराठीनं नामाची वाट धरली, इंग्रजी क्रियापदाच्या वाटेनं गेली. नियम प्रीपोझिशनचा आहे, तो शाबूत आहे. '-ण्या'वरून थेट इंग्रजी गाठायला गेलात तर मधे असा चकवा लागतो, हे मात्र मी आधीच सांगायला हवं होतं.

जुनी_वही:

थोडं अवांतर, पण राहवत नाही. 'आय डोन्ट माइंड हिज कमिंग' की 'हिम कमिंग'? त्याचं येणं की तो येणं? मराठीत 'तो येणं' म्हणताच येत नाही, त्यामुळे आपल्याला 'हिज' आपोआप पटतं. इंग्रजीत यावर मोठी जुंपली होती. 1906 साली इंग्रजीच्या वापरावर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी 'हिम कमिंग'छाप रचनेला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असं नाव ठेवून झोडपलं (पार्टिसिपल म्हणजे विशेषणासारखं येणारं '-इंग' रूप). ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारानं 1926 साली फाउलरला उत्तर देताना चांगल्या लेखकांची उदाहरणं पुढ्यात ओतली. इंग्रजी मातृभाषा असलेल्याला डॅनिश माणसानं इंग्रजी समजावलं. आज बोलताना सगळे 'हिम' म्हणतात आणि औपचारिक लिहिताना 'हिज' जपतात.

आणि 'जेरंड' हा शब्दच आता कितीजण वापरतात? तो लॅटिन व्याकरणातून उचललेला. रँडॉल्फ क्वर्क आणि मंडळींच्या 1985 सालच्या व्याकरणानं जेरंड आणि पार्टिसिपल अशी दोन खाती न करता सरसकट '-इंग' रूप म्हटलं. 2002 साली हडल्स्टन आणि पुलम यांनी 'जेरंड-पार्टिसिपल' असं जोडनावच देऊन टाकलं. शाळेत 'हे जेरंड की पार्टिसिपल' यावर कापलेले माझे मार्क कोण परत देणार?

नुसताच_वाचक:

अर्ज करा. 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू' असं उत्तर येईल.

पानगळ:

@नुसताच_वाचक, हे मात्र बरोबर लिहिलंत.

अजून एक विचारू? 'द शर्ट नीड्स वॉशिंग.' शर्ट काय धुतोय? धुतला जातोय ना तो?

अर्धविराम:

धुतला जातोय. 'नीड'पुढचं '-इंग' उलट्या अंगानं वाचायचं. 'नीड्स टू बी वॉश्ड' म्हणजेच 'नीड्स वॉशिंग'. आणि मराठीत आपण काय म्हणतो? 'शर्ट धुवायला झालाय.' 'केस कापायला झालेत.' शर्ट धुणार नाही आणि केसही कुणाला कापणार नाहीत, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. इथे मात्र मराठीत '-ला' आहे आणि इंग्रजीत '-इंग', हेही टिपून ठेवा, नाहीतर खोडरबर पुन्हा रात्र जागवतील.

खोडरबर:

टिपलं. रात्र आधीच जागवली.

सध्या माझा हिशोब असा झालाय: आधी प्रीपोझिशन आहे का बघायचं, नाम ठेवून. असेल तर '-इंग', प्रश्न मिटला. नसेल तर मराठीत म्हणायचं. '-ल्याचं' किंवा 'करणं' चपखल बसलं तर बहुतेक '-इंग'. '-ला' आलं तर 'टू' धरायचा, पण 'एन्जॉय', 'माइंड', 'सजेस्ट', 'नीड' समोर आले की जपून. ही चार मी कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवलीत. चारच आहेत, एवढं पाठांतर नुसताच_वाचक यांच्यासाठी.

नुसताच_वाचक:

आभारी आहे. आता माझीही एक शंका. 'अफ्रेड'नंतर काय? पुस्तकांत दोन्ही दिसतात, 'अफ्रेड टू' आणि 'अफ्रेड ऑफ'.

थांबा, कुणी सांगू नका.

'पाण्यात उतरायला घाबरतो.' म्हणजे उतरतच नाही. '-ला' आहे. 'अफ्रेड टू गेट इन'. 'पाय घसरून पडण्याची भीती वाटते.' पडायचा बेत कुणाचाच नसतो. '-ण्याची' आहे, 'ऑफ' आहे. 'अफ्रेड ऑफ फॉलिंग'.

बरोबर आहे का?

अर्धविराम:

अगदी बरोबर. 'अफ्रेड टू फॉल' म्हणालात तर पडायची हिंमत होत नाही असा अर्थ होईल.

नुसताच_वाचक:

तीही होत नाही. पण मेगाफेप्स मी सोडणार नाही, सांगून ठेवतो. 'आय रिफ्यूज गिव्हिंग इट अप.'

गोळाबेरीज:

'रिफ्यूज टू गिव्ह.' सोडायला नकार.

नुसताच_वाचक:

खोडरबर, तो कागद कुठे चिकटवलाय म्हणालात?